बंदुकीच्या दस्त्याला तेल कोणतं लावावं? नवख्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

मी तेल दिलेल्या पहिल्या दस्त्यावर तीन आठवड्यांनंतरही बोटांचे ठसे उमटत होते. लाकूड अक्रोडाचं होतं, चांगलं होतं. तेलही शुद्ध, कच्चं जवसाचं. लाकूड पितंय तेवढं पिऊ दे, असं म्हणत मी एकावर एक भरपूर हात देत गेलो आणि वर राहिलेलं तेल पुसलंच नाही. शेवटी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यानं तो चिकटा काढण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून कुणी नवीन माणूस 'कोणतं तेल घेऊ?' असं विचारतो, तेव्हा मी डब्याचं नाव सांगत नाही. मी विचारतो: लाकूड कोणतं आहे, त्यावर आधी काय लावलेलं आहे, बंदूक पावसाचिखलात फिरणार की कपाटात राहणार, आणि दोन वर्षांनी त्यावर ओरखडा आला तर तो तुम्ही स्वतः काढणार आहात का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं. जे तेल तुम्हाला पुढं स्वतःच्या हातानं दुरुस्त करता येईल, तेच तुमचं तेल.

हे उत्तर द्यायला तेल म्हणजे नक्की काय हे कळायला हवं, म्हणून आधी थोडं त्याबद्दल.

तेल 'वाळतं' म्हणजे काय होतं

पाणी वाळतं तसं तेल वाळत नाही. पाणी उडून जातं. जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ द्रवाचा घट्ट, न विरघळणारा पदार्थ होतो. वाळताना तेलाचं वजन कमी होण्याऐवजी वाढतं ते यामुळेच. हे प्रत्येक तेलाला जमत नाही. रेणूत दुहेरी बंध भरपूर असावे लागतात. ते मोजण्याचं एक जुनं माप आहे, आयोडीन मूल्य. खोबरेल तेलाचं हे मूल्य साधारण १० च्या आसपास असतं, जवसाच्या तेलाचं १७० ते २०० च्या घरात. साधारण १३० च्या वर असेल तर तेल वाळणारं समजतात. म्हणून खोबरेल, शेंगदाणा, ऑलिव्ह किंवा खनिज तेल दस्त्यावर लावू नका. पहिल्या दिवशी लाकूड सुंदर दिसेल, पण ते तेल कधीच घट्ट होणार नाही. धूळ धरेल, काही वनस्पतिज तेलं खवटही होतील. बंदुकीच्या धातूला लावायचं तेल तर दस्त्याला अजिबात नको. ते लाकूड मऊ करतं. जुन्या बंदुकांच्या दस्त्यांचा ॲक्शनजवळचा (म्हणजे काडतूस भरण्या-उडवण्याच्या यंत्रणेजवळचा) भाग काळा आणि कमजोर झालेला दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा वर्षानुवर्षं झिरपलेलं हेच तेल असतं.

ऑक्सिजन हवा, म्हणजे हवा लागली पाहिजे. जाड थराची वरची साय आधी धरते आणि खालचं तेल हवेला मुकतं. माझ्या पहिल्या दस्त्याचं नेमकं हेच झालं होतं. पातळ थर द्या असं सगळे सांगतात ते याच कारणानं.

बाजारातली चार घराणी

कच्चं जवसाचं तेल. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात संथ. पातळ हातालाही कित्येक दिवस लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. लाकडात खोल उतरतं, अक्रोडाला उबदार तांबूस छटा देतं आणि काळाबरोबर गडद होत जातं. ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्ड रायफलींच्या दस्त्यांना हेच तेल चोळलं जायचं. दमट जागी त्यावर बुरशी धरू शकते, हे लक्षात ठेवा. ज्याला घाई नाही आणि ज्याला जुन्या सैनिकी बंदुकीचं मूळ रूप राखायचं आहे, त्यानंच याच्या वाटेला जावं.

'बॉइल्ड' जवसाचं तेल. नाव फसवं आहे. आज मिळणारं हे तेल बहुधा उकळलेलं नसतं. त्यात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि त्यामुळे ते साधारण एका दिवसात वाळतं. पूर्वी याच कामासाठी शिसं वापरत. म्हणून जुना दस्ता घासताना तोंडाला धुळीचा मास्क लावल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नका. खरोखर उष्णता देऊन, हवा न लागू देता घट्ट केलेलं जवसाचं तेलही मिळतं. ते जाड असतं, गुळगुळीत बसतं, पण नवख्यानं त्यापासून सुरुवात करू नये.

टंग तेल. मूळच्या चीनमधल्या एका झाडाच्या बियांचं. याच्या रेणूतले दुहेरी बंध एकाआड एक असतात, त्यामुळे ते जवसापेक्षा घट्ट जाळं विणतं, पाण्याला जास्त टिकतं आणि कमी पिवळं पडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीनं दस्त्यांसाठी जवसाऐवजी हे तेल वापरायला घेतलं. याचा दोष एकच, पण मोठा: जाड लावलं की पांढुरकं होतं आणि सुरकुततं. पहिले एकदोन हात टर्पेंटाइनमध्ये निम्मेनिम्म मिसळून द्यावे लागतात.

तेल आणि व्हार्निशचं मिश्रण. 'डॅनिश ऑइल', 'गनस्टॉक ऑइल' अशा नावांनी जे मिळतं त्यातलं बरंचसं या घराण्यातलं. बर्चवुड केसी या कंपनीचं ट्रू-ऑइल दस्त्यांसाठी फार वापरलं जातं. तेही जवसाच्या तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं, काही तासांत वाळणारं आणि वर पातळ पापुद्रा बांधणारं आहे. ही मिश्रणं लवकर वाळतात, पाण्याला चांगली अडवतात आणि हवी तेवढी चमक देतात. पण पापुद्रा आला की दुरुस्ती थोडी अवघड होते. ओरखडा नुसतं तेल चोळून जात नाही. तो भाग हलकेच घासून नवा हात आजूबाजूला मिसळवावा लागतो.

डब्यावर 'टंग ऑइल फिनिश' असं लिहिलेलं असलं म्हणून आत टंग तेल असेलच असं नाही. लहान अक्षरांतला मजकूर वाचा. खनिज स्पिरिट किंवा पेट्रोलियम द्रावक असा उल्लेख दिसला तर ते शुद्ध तेल नाही. पातळ केलेलं तेल किंवा व्हार्निश आहे. त्याहून खात्रीची परीक्षा घरात होते. काचेच्या तुकड्यावर रुपयाच्या नाण्याएवढा थेंब पसरवा आणि काही दिवस ठेवून द्या. शुद्ध टंग तेल सुरकुतून मंद दिसेल, कच्चं जवसाचं बराच काळ चिकट राहील, आणि व्हार्निश मिसळलेलं असेल तर एकदोन दिवसांतच गुळगुळीत, कडक, नखाला न दबणारं होईल. ही काच मी प्रत्येक नव्या डब्यासाठी करतो. जुन्या डब्यासाठीसुद्धा करतो, कारण अर्धा भरलेला डबा वर्षभर पडून राहिला की तेल आतच घट्ट व्हायला लागतं आणि मग ते दस्त्यावर नीट वाळत नाही.

लाकूड काय म्हणतं ते आधी ऐका

दस्त्यासाठी अक्रोड सगळ्यांत प्रसिद्ध आहे. ते वजनाला बेताचं, घट्ट आणि कमी फुगणारं-आकसणारं आहे. त्याची छिद्रं उघडी असतात, म्हणून तेलाबरोबर ती भरण्याचं कामही येतं. मेपलची छिद्रं इतकी बारीक असतात की भरायची गरजच नाही. पण जवसाचं तेल पिवळसर पडत जातं आणि फिकट मेपलवर ते डोळ्यांना टोचतं. तिथं टंग किंवा फिकट मिश्रण बरं. बीच आणि बर्च ही लाकडं अनेक सैनिकी रायफलींना वापरली गेली. ती अधाशीपणानं आणि असमान तेल पितात, एक भाग गडद तर दुसरा फिका राहतो, म्हणून पहिला हात पातळ करून द्यावा. थरांच्या लाकडाचा दस्ता असेल तर गोंदाच्या रेषा तेल शोषतच नाहीत. तिथं पापुद्रा बांधणारं मिश्रण जास्त एकसारखं दिसतं.

आता पाण्याबद्दल, कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तेलानं लाकूड 'जलरोधक' होतं असं लोक मानतात. अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीनं वेगवेगळे लेप दिलेल्या लाकडात हवेतली वाफ किती शिरते हे मोजलं आहे. दमट हवेत १४ दिवस ठेवल्यावर जवसाच्या तेलाचे तीन हात दिलेलं लाकूड जवळजवळ कोऱ्या लाकडाइतकीच ओल घेतं. पॉलियुरेथेनचे (कडक, प्लॅस्टिकसारख्या व्हार्निशचे) थर बरीच ओल अडवतात, आणि वितळलेल्या मेणात बुडवलेलं लाकूड सगळ्यांहून जास्त. तेल पाण्याचा थेंब थोपवतं, पुसायला वेळ देतं. वाफेला ते फारसं अडवत नाही.

याचा नेमबाजीशी थेट संबंध आहे. लाकूड ओल घेऊन फुगलं की ॲक्शन आणि नळीवरचा दाब बदलतो आणि गोळी लागण्याची जागा सरकते. म्हणून पावसाळी रानात फिरणाऱ्या बंदुकीला नुसतं तेल पुरत नाही. तिला मिश्रणाचे थर द्या, आणि आतल्या खाचा, नळीखालची पन्हळ, दस्त्याच्या मागच्या टोकाचं आडवं कापलेलं तोंड ही न दिसणारी ठिकाणं आधी बंद करा. आडव्या तोंडातून लाकूड सगळ्यात वेगानं पाणी पितं.

आधी काय लावलं आहे?

दस्त्याच्या मागच्या टोकावर बसवलेली प्लेट काढल्यावर तिच्याखाली जो भाग लपलेला असतो तिथं परीक्षा घ्या. कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोल घेऊन टेकवा. वरचा थर चिकट झाला तर ती चपडी लाख आहे. लॅकर थिनरनं मऊ झाला तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही आणि पात्याच्या टोकानं खरवडल्यावर थर पापुद्र्यासारखा सुटून आला, तर बहुधा व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. पापुद्रा सुटत नसेल आणि जवसाच्या तेलाचा थेंब हळूहळू आत जिरत असेल, तर लाकडावर तेलच आहे. मग तुमचं निम्म्याहून जास्त काम वाचलं: साफ करा आणि पुढचा हात द्या. पापुद्रा असेल तर त्यावर कोणतंही तेल टाकणं व्यर्थ. ते आत जाणार नाही आणि वर चिकट बसेल.

इथं एक विनंती. बंदूक जुनी असेल, दस्त्यावर तपासनिसांचे ठसे, सैन्याचे शिक्के, कारागिराची खूण असेल, तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी थांबा. एकदा घासलेला ठसा परत येत नाही, आणि संग्राहकासाठी अशा बंदुकीचं मोल निम्म्यावर येऊ शकतं. अशा दस्त्याला हलकी सफाई आणि कच्च्या जवसाच्या तेलाचा एक अत्यंत पातळ हात पुरे.

मग निवड कशी करायची

सरळ सांगतो. जुनी सैनिकी रायफल, लाकूड धडधाकट, हाताशी वेळ भरपूर: जवसाचं तेल किंवा शुद्ध टंग. शिकारीची, ओल्यात फिरणारी: टंग किंवा तेल-व्हार्निश मिश्रण, चारसहा पातळ हात. सुंदर रेषांचं अक्रोड, कपाटात जपायची बंदूक, आरशासारखी चमक हवी: मिश्रण, आणि भरपूर संयम. पहिल्यांदाच करताय आणि काहीच ठरत नाही: तेल-व्हार्निशचं पुसून काढायचं मिश्रण घ्या. ते पुरेसं लवकर वाळतं, चूक झाली तर लगेच दिसते आणि घासून दुरुस्त करता येते. सुरुवातीला कच्चं जवस नको, कारण चूक कळायलाच त्याला दोन आठवडे लागतात.

काहीही निवडलं तरी पहिला प्रयोग दस्त्यावर नको. त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा घ्या, दस्त्याइतक्याच बारीक पेपरनं घासा आणि ठरवलेले सगळे हात द्या. तुकडा मिळत नसेल तर नळीखालची पन्हळ वापरा. ती नंतर झाकली जाते.

कामाला सुरुवात

बंदूक परवान्याची असावी आणि ती खोलण्याची कायद्यानं तुम्हाला मुभा असावी, हे गृहीत धरतो. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचपा. काडतुसं त्या खोलीत ठेवू नका. मग ॲक्शन आणि नळी दस्त्यापासून वेगळी करा. स्क्रूच्या खाचेत अगदी नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. सैल पात्यानं खाच फाटली की ती खूण कायमची राहते. स्क्रू काढले त्या क्रमानं मांडून ठेवा. स्वतः खोलायची हिंमत नसेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून दस्ता सुटा करून घ्या, पण धातू जोडलेला असताना तेलकाम करू नका. तेल ॲक्शनमध्ये आणि चापाच्या यंत्रणेत गेलं तर तिथं गोंदासारखं घट्ट होतं.

तडा असेल तर तो आधी जोडा. तेल शिरलेल्या लाकडाला गोंद धरत नाही, त्यामुळे ही क्रमवारी उलटी करता येत नाही. ॲक्शनच्या मागच्या टोकापाशी आणि हाताच्या पकडीपाशी बारीक चिरा शोधा; झटका तिथंच बसतो.

जुना लेप काढायला रसायन वापरा, पॉलिश पेपर नव्हे. पेपरनं लेपाबरोबर लाकूडही जातं, आणि जिथं लाकूड धातूला भिडतं तिथल्या कडा गोल होऊन खाली जातात. तो दोष लांबूनही दिसतो. ओव्हन साफ करायची तीव्र क्षाराची फवारणी काहीजण सुचवतात, ती नको. तिनं अक्रोड काळवंडतं आणि तंतू कमजोर होतात. धातूचं तेल झिरपून काळ्या झालेल्या भागासाठी खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, सुकला की झटका, पुन्हा द्या. खडू तेल ओढून घेतो. दरवेळी लेप थोडा कमी पिवळा होईल. खिडकी उघडी हवी, हातात नायट्राइलचे मोजे हवेत आणि जवळपास ज्योत नको.

खड्डे पडलेले असतील तर ओलं सुती कापड त्यावर ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. पाचसहा वेळा करावं लागतं, आणि तंतू तुटले नसतील तरच हे साधतं. ठसे आणि शिक्क्यांजवळ मात्र हे करू नका. ठसा म्हणजेसुद्धा दबलेलं लाकूडच आहे.

घासणं रेषांच्या दिशेनं, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. १५० किंवा १८० नंबरच्या पेपरपासून सुरू करून २२० पर्यंत, अक्रोडाला ३२० पर्यंत; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. मागची प्लेट घासताना जागेवरच असू द्या, म्हणजे कड गोल होणार नाही. मग ओल्या फडक्यानं सगळा दस्ता पुसा आणि सुकू द्या. लाकडावर लव उभी राहील. ती शेवटच्याच पेपरनं हलक्या हातानं काढा आणि पुन्हा ओलं करा. दोनतीनदा केल्यावर लव उठणं थांबतं. हे आत्ता केलं नाही तर पहिल्या पावसात तीच लव तेलातून बाहेर येईल. लोखंडी लोकर मी टाळतो. तिचे बारीक तुकडे छिद्रांत अडकतात, गंजतात आणि अक्रोडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे डाग पाडतात. त्याऐवजी नायलॉनचा घासणी-पॅड घ्या.

तेलाचे हात

पहिला हात मुबलक चालतो. तेल कापडानं लावा, दहापंधरा मिनिटं थांबा, जिथं जिरलं तिथं पुन्हा लावा. मग वर राहिलेलं सगळं पुसा. सगळं म्हणजे कोरड्या कापडावर तेलाचा डाग येणं थांबेपर्यंत. अर्ध्या तासानं पुन्हा एकदा पाहा. छिद्रांतून बारीक थेंब वर आले असतील तर तेही पुसा.

दुसऱ्या हातापासून तेल कमी लागतं, पूर्ण दस्त्याला एका लहान चमच्याभर पुरतं. ट्रू-ऑइलसारखं लवकर वाळणारं मिश्रण बोटानं लावा, एका वेळी दोनतीन थेंब, आणि तळहातानं लाकूड कोमट होईपर्यंत चोळत पातळ पसरवा. एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना मागे वळू नका. चिकट व्हायला लागलेल्या थरावर परत बोट फिरवलं की रेघा पडतात.

अक्रोडाची छिद्रं भरायला मला लगद्याची पद्धत सगळ्यात आवडते. तेल लावा आणि ते ओलं असतानाच ३२० च्या, पाण्यात चालणाऱ्या काळ्या पेपरनं छोट्या गोलांत घासा. लाकडाची भुकटी आणि तेल मिळून गडद लगदा होतो. तो रेषांना आडवा फिरवून छिद्रांत दाबा आणि पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या दिवशी वरचा थर लाकडापर्यंत हलकेच घासून काढा. पुन्हा करा. तीनदा केलं की दिव्यासमोर धरलेला दस्ता आडव्या उजेडात सपाट दिसतो. भराव त्याच लाकडाचा असल्यानं रंग मिळून येतो. बाजारातली लांबी कधी तितकी मिळत नाही. अक्रोडाला आणखी तांबडी झाक हवी असेल तर इंग्लंडमधले जुने बंदूक-कारागीर अल्कानेट नावाच्या वनस्पतीची मुळी जवसाच्या तेलात भिजवून लाल तेल करत. तो रंग फक्त पहिल्या हातात घ्या.

दोन हातांमध्ये किती थांबायचं? डब्यावर लिहिलेला वेळ कोरड्या, उबदार खोलीचा असतो. माझी कसोटी वेगळी: वाळलेल्या जागी बारीक पेपर हलकेच फिरवा. पांढरी पूड निघाली तर पुढचा हात द्या. पेपर चिकटून गुठळ्या झाल्या तर आणखी एक दिवस थांबा. शुद्ध टंगला दोन हातांत दोनतीन दिवस, जवसाच्या कच्च्या तेलाला त्याहून जास्त. रोज एक, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक अशी जुनी कारागिरी शिफारस सगळीकडे सांगितली जाते. तिच्यातला पहिला, रोजचा भाग कच्च्या जवसाला लागू करू नका. एक दिवसात ते वाळतच नाही. वाळण्याला हवा आणि उजेड मदत करतात, पण दस्ता कडक उन्हात ठेवू नका. चीर जाऊ शकते.

पकडीवर चौकड्यांची कोरीव जाळी असेल तर ती शेवटपर्यंत टेपनं झाकून ठेवा. शेवटी टर्पेंटाइननं पातळ केलेल्या तेलाचा एकच हात मऊ दातघासणीनं द्या आणि लगेच कोरड्या दातघासणीनं जास्तीचं तेल ओढून काढा. जाळीत तेल साचून घट्ट झालं की टोकं बोथट होतात आणि पकडही जाते. आतल्या खाचांना एकदोन पातळ हात, त्याहून जास्त नाही. तिथं जाडी वाढली तर ॲक्शन जशी बसायला हवी तशी बसत नाही.

फडकी: हा भाग घाईत वाचू नका

तेल ऑक्सिजन ओढून घेताना उष्णता बाहेर टाकतं. दस्त्यावरच्या पातळ थरातून ती हवेत निघून जाते. पण गोळा करून फेकलेल्या फडक्यात ती अडकते, फडकं तापतं, तापल्यानं तेल आणखी वेगानं वाळतं, आणि काही तासांत ते आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत २२ व्या मजल्यावर अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांनी आग लागली. ती मजल्यामागून मजले वर चढत गेली आणि ३० व्या मजल्यावरच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी थांबली. आग विझवणारे तीन जवान त्यात गेले.

म्हणून प्रत्येक फडकं, प्रत्येक वापरलेला कागद आणि तेलात भिजलेली भुकटीसुद्धा काम संपताच बाहेर, उघड्यावर, एकेक थरात पसरून ठेवा. कडक झालं की टाका. किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवा. काम अर्धवट सोडून जेवायला जायचं असलं तरी फडकी आधी. कचऱ्याच्या पेटीत, कपाटात, गाडीच्या डिकीत एकही फडकं नको. टंग, जवस, मिश्रण, सगळ्यांना हेच लागू.

पुढची देखभाल

शेवटचा हात कोरडा वाटला तरी तेल आतून पूर्ण घट्ट व्हायला साधारण महिना लागतो. तोवर बंदूक फोमच्या पेटीत किंवा कापडी आवरणात बंद ठेवू नका. आवरणाचा पोत लाकडावर उमटतो. मेण लावायचं असेल तर या महिन्यानंतर, आणि पकडीवर बेतानंच, कारण मेणानं हात घसरतो. पुढं तेलाचा हात देण्याआधी ते मेण खनिज स्पिरिटनं पुसावं लागतं, नाहीतर तेल आत जाणार नाही.

पावसात भिजलेली बंदूक आधी कोरडी पुसा, दस्ता सुटा करून खाचा हवेवर ठेवा आणि मगच आत ठेवा. हीटरजवळ सुकवू नका. धातूला तेल दिल्यानंतर बंदूक काही वेळ नळीचं तोंड खाली करून ठेवली तर ते तेल दस्त्याऐवजी तोंडाकडे ओघळतं. तोंडाखाली जुनं कापड ठेवा.

तेलाच्या दस्त्यावर ओरखडा आला की ४०० चा पेपर आणि तेलाचे दोन थेंब घेऊन फक्त तेवढाच भाग रेषांच्या दिशेनं चोळायचा, पुसायचा, दोन दिवस ठेवायचा. वर्षातून एकदा, जिथं गाल टेकतो आणि हात धरतो तो भाग मंद दिसायला लागतो; तिथं एक पातळ हात पुरतो. पूर्ण दस्त्याला दरवर्षी तेल देत राहिलं तर काही वर्षांत त्याच चिकट्यावर परत येतो.

आणि दस्ता परत जोडण्याआधी मागच्या प्लेटखालच्या लाकडावर पेन्सिलनं तेलाचं नाव, हातांची संख्या आणि तारीख लिहून ठेवा. पुढची परीक्षा घेणाऱ्याला, मग ते तुम्ही असाल किंवा तुमच्यानंतर ही बंदूक ज्याच्याकडे जाईल तो, कापसाचा बोळा शोधावा लागणार नाही.